निरोपाचा अग्रलेख

आमचं साप्ताहिक बंद होणार, हे मास्तरांनी सगळ्यांत आधी मला सांगितलं. त्या आठवड्यात मला दुःखाइतकाच आपल्याला आधी सांगितल्याचा अभिमानही वाटत होता. आता हे लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. शिरूरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दोन टेबलं, एक मास्तरांचं, एक माझं. मागच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं यंत्र आणि भिंतीला लागून शिशाच्या अक्षर-खिळ्यांचे कप्पे. अंक चार पानांचा. बाजाराच्या आदल्या दिवशी निघायचा आणि बाजारकरी तो मीठ-मिरचीबरोबर पिशवीत घालून गावोगाव न्यायचे. शिरूर आणि दौंड, दोन तालुके, एवढंच आमचं जग. पुण्याच्या वर्तमानपत्रांना आमच्याकडचा एखादा खून तेवढा कळायचा. कुठल्या शाळेला शिक्षक नाही, नदीवरची कुठली नाव फुटली, कुणाच्या विहिरीवरून भांडण लागलं, हे छापणारे आम्हीच.

मास्तर म्हणजे आमचे संपादक आणि मालकही. आधी ते हायस्कुलात मराठी शिकवायचे, मी त्यांच्या वर्गात होते. माझे वडील मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवीत. आमच्या ख्रिस्ती वस्तीत मॅट्रिक झालेल्या मुलीनं एकतर नर्स व्हायचं, नाहीतर शिक्षिका. माझा निकाल लागला त्याच आठवड्यात मास्तर घरी आले, ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "हिला माझ्याकडे पाठवा. हिला खोटं लिहिता येत नाही. मला असंच माणूस पाहिजे."

आई कुरकुरली. बाजारपेठेत पुरुषांमध्ये बसून मुलीनं काय काम करायचं? वडील एवढंच म्हणाले, "मास्तर आहेत ना तिथं." त्यावर आईही गप्प बसली. मास्तरांच्या नावाला गावात तेवढं वजन होतं.

मी तिथं पाच वर्षं काढली. बातम्या लिहायच्या, आलेली पत्रं नीट करायची, छापलेला कच्चा कागद तपासायचा. खिळे जुळवणारे चाचा माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. त्यांच्या घरच्या तीन-चार पिढ्या शिरूरातच गेल्या होत्या. शाळा त्यांनी फारशी केली नव्हती, पण उलटे खिळे ते सुलट्या अक्षरांसारखे वाचायचे, आणि वाचता वाचता मला हाक मारायचे, "बाई, ह्या वाक्याचं क्रियापद कुठं हाय? पळून गेलं का काय?" माझं मराठी मास्तरांनी जेवढं घडवलं तेवढंच चाचांनी.

तिसरे दौंडचे भाऊ. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सरकारी नोकर, त्यामुळे त्यांचं नाव छापायचं नाही, 'आमच्या दौंडच्या वार्ताहराकडून' एवढंच लिहायचं. बातम्यांचं पाकीट ते एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. आमचा कागदही मुंबईहून रेल्वेनं दौंडलाच उतरायचा, कारण तिथं आपला माणूस होता. भाऊ गठ्ठे मोजून, भिजले-फाटले नाहीत ना ते पाहून शिरूरच्या ट्रकवर चढवून द्यायचे. ते कोण आहेत हे मास्तर, चाचा आणि मी, आम्हा तिघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

साप्ताहिक बंद पडण्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवगण फराट्याचे एक आबा कचेरीत आले. वय साठीचं. प्रौढांच्या वर्गात उतारवयात वाचायला शिकलेले, आणि तेव्हापासून दर आठवड्याला मारुतीच्या देवळात बसून आमचा अंक मोठ्यानं वाचून दाखवणारे. उपरण्याच्या टोकाला बांधलेली मूठभर ज्वारी त्यांनी माझ्या टेबलावर ओतली.

"बी म्हनून दिलं हे सोसायटीनं. निम्म्या गावानं पेरलं. उगवलंच न्हाई."

दाण्यांना भोकं पडलेली होती. बोटानं दाबलं की पीठ व्हायचं.

"आबा, तुमचं नाव छापू का?" मी विचारलं. "बाकीचे कुणी नाव द्यायला तयार नसतील."

"छाप की. खरं सांगायला चोरी कसली?"

बियाण्याची ती सोसायटी तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्याच्या हातात होती, तोच तिचा चेअरमन. भाऊंनी दौंडच्या धक्क्यावरून कळवलं की आलेलं बी उत्तम होतं, पोती त्यांनी स्वतः पाहिली होती. म्हणजे चांगलं बी वाटेत दुसरीकडं गेलं आणि गावांना किडकं वाटलं. नोकरीची पर्वा न करता भाऊंनी ते कळवलं होतं. आम्ही चार आठवडे लागोपाठ छापलं. आबांचं नाव पहिल्या पानावर. सरकारी चौकशी लागली. मास्तर तेव्हा खुर्चीत ताठ बसायचे. मला वाटायचं, आपण केवढ्या माणसाच्या हाताखाली काम करतो.

थंडी संपता संपता एका दुपारी मास्तरांनी मला समोर बसवलं.

"कागद मिळत नाही," ते म्हणाले. "सरकारनं कोटा कापला. मुंबईचा व्यापारी हात वर करतो. आणखी दोन अंक निघतील, फार तर. मग बंद."

मला रडू आलं. ते खिडकीकडं पाहत राहिले. मला वाटलं, तेही रडतायत.

"निरोपाचा अग्रलेख तू लिही," ते म्हणाले.

"मी? तुम्ही असताना?"

"तूच लिही. तुझं लोकांना खरं वाटतं."

तीन दिवस मी तो अग्रलेख लिहीत होते. कागदाशिवाय वर्तमानपत्र कसं निघणार, असं सरळ लिहिलं. वाचकांचे आभार मानले. बातमी आणून देणाऱ्यांचे, नाव न छापताही लिहिणाऱ्यांचे, चिखलातून अंक पोचवणाऱ्यांचे. मास्तरांनी वाचलं, काहीच बदललं नाही, फक्त एक वाक्य स्वतःच्या हातानं घातलं. 'आमच्यावर कोणाचाही दबाव नव्हता, आम्हाला कागदाने हरवले.'

"दबावाचं कशाला?" मी विचारलं.

"लोक उगाच शंका घेतात. जाताना कुणावर आळ नको."

मला तो त्यांचा मोठेपणा वाटला.

चाचांनी तो मजकूर जुळवला तेव्हा एकदाही मला हाक मारली नाही. ना क्रियापद पळालं, ना वेलांटी चुकली. मान खाली घालून जुळवत राहिले. मला वाटलं, त्यांनाही बोलवत नाहीये.

अंक निघाला आणि दोन दिवसांत लोक कागद घेऊन यायला लागले. हे मला सुचलंही नव्हतं. कुणी शाळेच्या वहीची कोरी पानं फाडून आणली. खुटबावचे एक प्राथमिक शिक्षक आमच्याकडं शेतीवर लिहायचे, त्यांनी शाळेतल्या मुलांनी जमवलेली पाटीएवढी चळत पाठवली, वर लिहिलेलं, 'एक अंक तरी निघेल का?' मी त्या कागदांवर हात फिरवला आणि मास्तरांना दाखवायला नेले. ते म्हणाले, "ठेव बाजूला." एवढंच.

रविवारी दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळी मी चर्चमधून तशीच आले. कचेरीच्या पुढच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. गावोगावचे लिहिणारे आले होते, काही सायकलवर, काही एसटीनं. खुटबावचे शिक्षक होते. मांडवगणचे आबा होते, स्वच्छ धोतर नेसून, मांडीवर फडक्यात बांधलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन. नातवाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला म्हणून तो त्यांनी पुण्याहून आणवला होता.

"पत्रिका न्हाई छापल्या तरी लगीन हुतंय," ते मला म्हणाले. "ह्यो ठिवा."

चहा झाला, भाषणं झाली. एकानं मास्तरांना हार घातला. मास्तर आभार मानायला उभे राहिले, कागदाच्या टंचाईचं सांगू लागले, आणि तेवढ्यात भाऊ आले.

ते उघडपणे कचेरीत कधीच येत नसत. दौंडची एसटी उशिरा लागली असावी. अंगावर रेल्वेचा कोट तसाच, धुळीनं भरलेला. ते सतरंजीवर बसले नाहीत. दारातच उभे राहिले आणि मास्तरांचं वाक्य संपायची वाट पाहून म्हणाले,

"मास्तर, आपला कागद संपला ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग परवा माझ्या हातनं सुटले ते गठ्ठे कुणाचे? वर आपल्या साप्ताहिकाचं नाव होतं. नेहमीएवढाच माल. न्यायला आलेला ट्रक मात्र सोसायटीच्या चेअरमनचा."

कुणीतरी खोकलं.

"मी ड्रायव्हरला म्हटलं, हा कागद शिरूरला बाजारपेठेत जातो. तर तो म्हणाला, आता साहेबांच्या गोडाऊनला जातो. पेपर साहेबांनीच घेतलाय, मास्तरांनी सहीसुद्धा केली." भाऊंचा आवाज चढला नव्हता. "म्हणून विचारायला आलो. खोटं असेल तर सांगा. मी परत जातो."

मी मास्तरांकडं पाहत होते. मला खात्री होती की ते हसतील आणि म्हणतील, काहीतरी घोटाळा झालाय. त्यांनी गळ्यातला हार काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता बोलून काय उपयोग?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बियाण्याच्या बातम्यांनंतर तो पुढारी मास्तरांना भेटत होता. साप्ताहिकाचं नाव, यंत्र, खिळे, कागदाचा कोटा, सगळं त्यानं विकत घेतलं होतं. अट एकच. विकलं असं लोकांना कळता कामा नये. साप्ताहिक कागदावाचून बंद पडलं असं छापायचं, लोकांना हळहळू द्यायचं, आणि महिन्याभरानं त्यानं ते पुन्हा चालू करायचं. म्हणजे तोच ते वाचवणारा ठरणार.

मी उठले. "तुम्हाला हे माहीत होतं, आणि तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत?"

"पोरी, तुला सांगितलं असतं तर तुझ्या हातून तसं उतरलं नसतं," मास्तर म्हणाले.

त्यांनी ते समजावणीच्या सुरात सांगितलं, वर्गात व्याकरण सांगावं तसं. त्या दिवसातलं सगळ्यांत जास्त मला हेच लागलं. आमच्या ओट्यावर बसून वडिलांना त्यांनी माझा जो गुण सांगितला होता, तोच त्यांनी वापरला होता.

मी मागच्या खोलीत गेले. चाचा कप्प्यांशी उभे होते. बाहेरचं त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"चाचा, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी हातातला खिळा कप्प्यात टाकला. मग म्हणाले, "आठ दिवसांखाली मला बोलावून सांगितलं, यंत्राबरोबर तुम्ही ऱ्हावा, दुसरीकडं जाऊ नगा. आन् कुनाला बोलू नगा. एवढंच मला म्हाईत. बाकीचं मी समजलो."

"आणि माझा अग्रलेख जुळवलात."

"जुळवला," ते म्हणाले. "ह्या वयात मला दुसरं काय येतंय, बाई? डोळं अधू झाल्यात. हे कप्पं मला हातानं ठावं हायत, म्हनून चालतंय. दुसऱ्या छापखान्यात मी आंधळा."

मी त्यांना काही बोलले नाही, आणि त्यानंतर वर्षभर बोलले नाही. आज वाटतं, थोडं बोलायला हवं होतं.

बाहेर सतरंज्या गोळा होत होत्या. खुटबावच्या शिक्षकांनी मुलांचे कागद मागून घेतले आणि पिशवीत भरले. आबा तसेच बसून होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"आबा, मला खरंच माहीत नव्हतं."

"आसंल," ते म्हणाले. "पर लिवलं तर तूच न्हवं? मी त्ये देवळात दोनदा वाचलं. बायका रडल्या."

त्यांनी कागदाचा गठ्ठा उचलला आणि गेले.

महिन्याभरानं साप्ताहिक पुन्हा निघालं. तेच नाव, त्याच वळणाची अक्षरं, पहिल्या पानावर पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो. तिसऱ्या पानावर लहानशी बातमी होती. बियाण्याबद्दलची तक्रार गैरसमजातून झाली होती, तक्रारदाराला बी साठवायचं ज्ञान नव्हतं. खाली आबांचं नाव, गावासकट. चौकशीचं पुढं काही झालं नाही. त्याच सुमाराला भाऊंची बदली पार भुसावळकडं झाली. वरच्या कचेरीतून त्यांना विचारणा झाली होती, वर्तमानपत्राला बातम्या देता का म्हणून. त्या रविवारी लोकांनी त्यांना पाहिलं होतं, पण बियाण्याची बातमी त्यांनी दिली हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं. भाऊंनी जाताना मला भेटून तेवढंच विचारलं, "तुम्ही नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण मला आजही वाटतं की त्यांचा पुरता विश्वास बसला नाही. एकदा फसलेल्या माणसानं कुणावर विश्वास ठेवावा? मीही त्यांना दोष दिला नाही.

मला त्या पुढाऱ्याकडून निरोप आला, लिहायला या, जागा तीच. मी गेले नाही. त्याऐवजी ती तिसऱ्या पानावरची बातमी घेऊन मी मांडवगणला गेले. वडील सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

आबा देवळातच होते, पण हातात अंक नव्हता. आठ-दहा माणसं बसली होती. मी पायरीशी उभी राहून सांगितलं की निरोपाचा अग्रलेख मी लिहिला, तो खोटा होता, कागद संपला नव्हता. साप्ताहिक विकलं गेलं, आणि आबांच्या नावानं आता जे छापलंय तेही खोटं आहे. किडकी ज्वारी मी स्वतः पाहिली, बोटानं दाबून पाहिली. छापायला आता माझ्याकडं काही नाही, म्हणून तोंडानं सांगायला आले.

"आता सांगून काय उपेग?" एकजण म्हणाला. दुसरा हसला.

आबा म्हणाले, "ज्या कागदात माझं नाव खरं म्हनून आलं, त्याच कागदात खोटं म्हनून आलं. लोकांनी कुठलं खरं धरायचं, बाई?"

त्यांनी घरून पाणी आणवलं, मला प्यायला लावलं. एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वाटेत उसाच्या कडेनं पाट वाहत होता, त्याच्या बांधावरून आम्ही एकामागं एक चाललो. गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "आलीस त्ये बरं केलंस. पर आता परत येऊ नगंस. तू दिसलीस की मला समदं आठवतंय."

मी पुन्हा गेले नाही.

पुढच्या वर्षी मी नगरच्या मिशन शाळेत शिक्षिका झाले. आईच्या मनासारखं झालं. सहा-सात वर्षांनी, सोलापूरकडून परत येताना नगरच्या गाडीसाठी दौंडला उतरले होते. दुपारची वेळ. बाकावर मास्तर बसलेले दिसले. खूप वाळले होते. त्यांनीच मला ओळखलं. पुढाऱ्यानं ते साप्ताहिक दोन निवडणुकांपुरतं चालवलं आणि मग खरंच बंद केलं, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, जणू तेवढ्यानं आम्हा दोघांची फिट्टंफाट झाली.

"तू लिहितेस का काही?" त्यांनी विचारलं.

"मुलांचे निबंध तपासते."

मग ते म्हणाले, "मी तुला सांगणार होतो गं."

"कधी, मास्तर?"

ते रुळांकडं पाहत राहिले. मला वाटलं होतं, हा प्रश्न विचारून मला बरं वाटेल. इतकी वर्षं तो मी मनात घोळवला होता. समोर एक म्हातारा माणूस उत्तर शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

नगरची गाडी लागली. मी माझी पिशवी उचलली. ते खिडकीशी येऊन उभे राहिले. मी विचारलं, "पाणी हवंय का?" ते नको म्हणाले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला. मीही केला, सवयीनं.